मुलाच्या कानावर पडलेला शब्द

नीरा नदीकाठच्या निरवांगीसारख्या, ऊस आणि दुभती जनावरे यांवर चालणाऱ्या इंदापूर तालुक्यातील गावात लहान मूल गाय, कालवड, खोंड हे शब्द ऐकते, तेव्हा ते नव्या शब्दाला बहुधा संपूर्ण वस्तूचे नाव मानते आणि जिचे नाव ठाऊक आहे तिला दुसरे नाव देण्याचे टाळते. या दुसऱ्या कलास ‘परस्पर-वर्जन’ म्हणता येईल. म्हशीलाही ‘हम्मा’ म्हणणे हा अर्थाचा ‘अतिविस्तार’ असतो, आणि मोठ्यांनी हसण्यावारी नेला तरी तो वर्गीकरणाचाच प्रयत्न असतो.

सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन-चार वर्षांच्या मुलांना ‘निळा नव्हे, क्रोमियम ट्रे आण’ असे ओघात सांगितले गेले. अवघ्या एक-दोन वेळा ऐकूनही अनेक मुलांना तो रंगवाचक शब्द असल्याचे उमगले. मात्र या ‘शीघ्र जोडणी’नंतर नेमका अर्थ ठरण्यास बराच काळ लागतो. ‘खोडवा’ म्हणजे तोडलेल्या उसाच्या खोडापासून पुन्हा फुटणारे पीक, हे ‘लागण’ आणि ‘तोड’ कळल्याखेरीज उलगडत नाही, कारण शब्द एकेकटा नव्हे, तर इतर शब्दांच्या आधाराने रुजतो.

प्रौढपणी दुसरी भाषा वाचणाऱ्यासही हाच आधार लागतो: हू आणि नेशन यांच्या २०००च्या अभ्यासानुसार कथेचा मजकूर कोशाविना नीट समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द आधीच परिचित असावे लागतात.