परदेशांतील एक सत्र आणि किहीमची सुगरण



परदेशीं विद्याभ्यासास जाणें म्हटलें कीं, दीर्घ मुदतीचा प्रवास आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, त्या १८८६ सालीं वैद्यकीची पदवी संपादन करूनच स्वदेशीं परतल्या. अलीकडे मात्र याहून आटोपशीर असा एक प्रकार रूढ झाला आहे. विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाचा राहतो, पदवीहि येथलीच घेतो. मध्यें एक सत्र, म्हणजे चार-सहा महिने, तो परक्या देशांतील विद्यापीठांत काढतो. यास विद्यार्थि-विनिमय म्हणतात. या विनिमयाचें स्वरूप काय आणि त्याचा खरा लाभ कोणास होतो, याचा आज थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

प्रथम स्वरूप पाहूं. दोन विद्यापीठांमध्यें करार होतो व त्याअन्वयें येथील विद्यार्थी तिकडे जातो, तिकडील इकडे येतो. बहुधा प्रत्येकजण आपली फी आपल्याच विद्यापीठांत भरतो. यजमान विद्यापीठ ती पुन्हां घेत नाहीं. तिकडे उत्तीर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, ज्यांस मुलें ‘क्रेडिट’ म्हणतात, ते येथील पदवींत धरले जातात. मात्र कोणते विषय धरले जातील, हें निघण्यापूर्वींच लेखी ठरवून घ्यावें. नाहीं तर परत आल्यावर तोच अभ्यास दुसऱ्यांदा करण्याची पाळी येते. शिवाय फीचा प्रश्न सुटला म्हणजे खर्च संपला असें नव्हे. विमानाचें भाडें, व्हिसा, विमा, राहण्याची खोली आणि रोजचें जेवण हा भार सामान्यतः घरच्यांवर पडतो. शिष्यवृत्ति मिळाली तर तो हलका होतो. युरोपांत १९८७ सालीं सुरू झालेली ‘इरॅस्मस’ योजना या बाबतींत विशेष प्रसिद्ध असून, तिच्या आजच्या विस्तारित स्वरूपांत भारतीय विद्यार्थ्यांसहि वाव आहे. जर्मनीची शैक्षणिक विनिमय संस्था तर १९२५ पासूनची आहे.

आतां कोणी पालक विचारील, “हें सर्व ठीक, पण नारळाच्या वाडीवर किंवा होडीवर संसार चालविणाऱ्यानें पोटाला चिमटा घेऊन एवढा पैसा उभा करावा, आणि पांच महिन्यांत मुलगा शिकणार तें काय? तिकडची भाषा कानाला लागते न लागते, तोंच परतीची वेळ यावयाची!” हा प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें एक उत्तर आमच्या किहीम गांवच्या झाडांवरच मिळण्याजोगें आहे.

विख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचें नांव आपण ऐकलें असेल. त्यांचा जन्म १८९६ चा. तरुणपणीं विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. १९२६ सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयांत (आज तें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखलें जातें) त्यांस मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. दोनेक वर्षांनंतर अभ्यासरजा घेऊन ते जर्मनीस गेले. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयांत एर्विन स्ट्रेझेमान हे त्यांचे गुरु झाले. तेथें त्यांनीं ब्रह्मदेशांतून गोळा केलेल्या पक्ष्यांचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि उत्तर समुद्रांतील हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडीं घालून त्यांच्या स्थलांतराचा माग कसा काढतात, तेंहि पाहिलें. तो काळ पक्षिशास्त्रांत पालटाचा होता. पेंढा भरलेल्या पक्ष्यांचीं वर्णनें लिहिण्यापुरतें हें शास्त्र राहिलें नव्हतें. जिवंत पक्षी कसा राहतो, कसा जोडी जमवितो, याकडे जाणत्यांचें लक्ष वळूं लागलें होतें.

सालिम अली हे आजच्या अर्थानें विनिमय-विद्यार्थी नव्हते. पण थोडक्या मुदतीसाठीं जाऊन, पदवीची अपेक्षा न धरतां, एक पद्धत शिकून परतणें, हाच विनिमयाचा गाभा होय. १९३० सालीं ते परत येऊन पाहतात, तों त्यांची जागाच पैशांअभावीं रद्द झालेली! नोकरी नाहीं, पदवी नाहीं, अशा स्थितींत ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला येऊन राहिले.

पावसाळ्यांत येथें सुगरण पक्ष्यांच्या वसाहती फुलतात. शिंदी, माड, बाभूळ अशा झाडांवर घरटीं लोंबतात. हें दृश्य गांवांतल्या पोराटोरांनीं पिढ्यान् पिढ्या पाहिलेलें. सालिम अलींनीं तेंच चिकाटीनें, नोंदी ठेवीत पाहिलें, आणि त्यांतून एक नवा उलगडा झाला. पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या व भाताच्या पात्यांच्या बारीक चिरफळ्या आणून घरटें विणूं लागतो. तें अर्धवट, उलट्या टोपासारखें झालें म्हणजे माद्या येऊन तें पारखतात. एखादीनें पसंत केलें कीं, नर तिच्याशीं जोडी जमवितो व पुढची नळी विणून काम पुरें करितो. मादी अंडीं घालते आणि एकटीच तीं उबविते. आणि हे गृहस्थ जवळच दुसरें घरटें सुरू करून दुसरीची वाट पाहूं लागतात! एका हंगामांत असे एकामागून एक संसार मांडले जातात. हा अभ्यास १९३१ सालीं मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

यांत एक मौज ध्यानांत घेण्यासारखी आहे. आपल्या भाषेनें या पक्ष्यास ‘सुगरण’ असें स्त्रीलिंगी नांव दिलें. बहिणाबाई चौधरींनीं आपल्या कवितेंत तिच्याच कौशल्याचा गौरव केला. विणकर मात्र मुख्यतः नर! पक्षी किहीमचा, झाड किहीमचें, पाऊसहि किहीमचा. त्यांकडे पाहण्याची शिस्त तेवढी बर्लिनहून दृढ होऊन आली होती. थोड्या मुदतींत परदेशाहून आणतां येण्याजोगी मौल्यवान वस्तु म्हणजे हीच शिस्त होय.

शिस्त आणावी म्हणजे गुरूचें प्रत्येक मत आणावें असें मात्र नाहीं. त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनमध्यें मानवशास्त्राचा अभ्यास करीत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेच्या मताचे. इरावतीबाईंनीं मनुष्याच्या कवट्या काळजीपूर्वक मोजल्या, आणि कवटीच्या दोन बाजूंमधील फरकाचा वंशाशीं संबंध दिसत नाहीं, असा निर्वाळा आपल्या प्रबंधांत दिला. १९३० सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली. मोजण्याची रीत गुरूची, निष्कर्ष मात्र पुराव्याचा. विद्यार्थ्याचें स्वातंत्र्य तें हेंच.

यावरून जाणाऱ्या विद्यार्थ्यास चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, येथून एखादा निश्चित प्रश्न घेऊन जावें. किनाऱ्याची धूप, मासळीची साठवण, भाताच्या खाचरांत शिरणारें खारें पाणी, असा आपल्या दारचा कोणताहि प्रश्न चालेल. दुसरी, दहा वर्गांत डोकावण्यापेक्षां एका गुरूपाशीं, एका प्रयोगशाळेंत चिकटून बसावें. तिसरी, तिकडची भाषा निघण्यापूर्वीं सहा महिने तरी शिकावी; कारण तेथें गेल्यावर ती शिकण्यांतच सत्र सरतें. चौथी, रोज टिपण ठेवावें. पाहिलेलें विसरतें, लिहिलेलें उरतें.

आणि पालकांस एकच विनंति. मुलगा किंवा मुलगी परत आल्यावर, “नोकरी केव्हां?” हा प्रश्न पहिल्याच दिवशीं विचारूं नये. सालिम अलींजवळ १९३० च्या त्या पावसाळ्यांत नोकरी नव्हती. पुढें १९४१ सालीं त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघालें, आणि १९७६ सालीं ते पद्मविभूषण झाले. प्रत्येक मुलाचें असें होईल, असें कोणी सांगूं शकणार नाहीं. परंतु परत आलेल्या पोरास अंगणांतल्या झाडाकडे नव्या नजरेनें पाहण्यास एक पावसाळा मोकळा द्यावा. केलेल्या खर्चाचें चीज होण्याचा तो एक खात्रीचा मार्ग आहे.