घरच्या श्वानाचे शिक्षण : शिस्तीतील जीवदया

१८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी आदेशाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. जैन आणि हिंदू व्यापारीही त्या विरोधात सामील झाले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि शहरातील व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरापोळ उभी राहिली. पेढीवर बसणाऱ्या माणसाचे आणि मुक्या प्राण्याचे नाते असे जुने आहे.

आज तोच कुत्रा उंबरठा ओलांडून घरात आला आहे. मुलांच्या हट्टाने पिल्लू येते आणि दोन महिने त्याचे कौतुक होते. पुढे ते पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते, चपला फाडते आणि अखेर गॅलरीत साखळीला बांधले जाते. सतत बांधलेला प्राणी चिडखोर होतो, एखाद्या दिवशी चावतो आणि मग त्याला गावाबाहेर सोडून देण्याची भाषा सुरू होते. खरे तर काय करावे हे त्या जिवाला कोणी शिकवलेलेच नसते.

पहिला धडा स्वच्छतेचा. पिल्लू झोपून उठल्यावर, खाणे झाल्यावर आणि खेळ थांबल्यावर त्याला प्रत्येक वेळी एकाच ठरलेल्या जागी न्यावे. तेथे विधी उरकताच कौतुक करावे. घरात चूक झाली तर मुकाट्याने पुसून घ्यावे. नाक घासणे किंवा फटका मारणे यातून ते एवढेच शिकते की माणसासमोर विधी करणे धोक्याचे आहे; मग ते पलंगाखालचा कोपरा शोधू लागते.

दुसरा धडा ‘बस’ या शब्दाचा. खाऊचा लहान तुकडा पिल्लाच्या नाकापुढे धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाते तसा पार्श्वभाग आपोआप खाली टेकतो. त्याच क्षणी ‘बस’ म्हणून तुकडा द्यावा. बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळाले पाहिजे. उशीर झाला की कशाबद्दल मिळाले हे त्याला उमगत नाही. पाच मिनिटांचा सराव दिवसातून दोन-तीन वेळा पुरेसा होतो. मात्र आजी ‘बैस’, वडील ‘बैठ’ आणि मुले ‘सिट’ म्हणू लागली, तर ते गोंधळते. शब्द कोणताही असो, घरात एकच असावा.

‘ये’ हा शब्द तर जपूनच वापरावा. बोलावून घेऊन रागावले की पुढच्या वेळी ते येणार नाही. उघड्या दारातून रस्त्यावर धावलेल्या कुत्र्याचा प्राण याच एका शब्दाने वाचू शकतो. खेळताना दात लागले तर खेळ लगेच थांबवावा आणि चावण्यासाठी खेळणे पुढे करावे. गुरगुरण्याबद्दल मात्र शिक्षा करू नये. गुरगुरणे ही सूचना आहे; ती दाबली तर कुत्रा पुढे सूचना न देताच चावण्याचा संभव असतो.

खाऊ म्हणून पनीर, पोळी, काकडी किंवा बिया काढलेले सफरचंद यांचे नखाएवढे तुकडे चालतात. मनुका, बेदाणे, द्राक्षे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरू शकतात. दिवाळीच्या सुक्यामेव्याचे डबे त्याच्या तोंडापासून दूर ठेवावेत. कांदा-लसूणही त्याला घातक आहे. संपूर्ण शाकाहारावर कुत्रा जगू शकतो. पण तो आहार पशुवैद्यांच्या सल्ल्याने आखावा. घरात चौविहार असला तरी पाण्याचे भांडे रात्रीही त्याच्यासमोर असावे.

लसीकरणात मुळीच कुचराई नको. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्या वेळी द्यावी. कोणताही कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार वाचकांना परिचित आहेत : बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. यांतील पहिला, दुसरा आणि पाचवा अतिचार कुत्र्याला ‘वळण लावण्याच्या’ नावाखाली आजही घडतो. चुकीची शिक्षा म्हणून उपाशी ठेवणे, पट्ट्याने मारणे, दिवसभर साखळीत ठेवणे यांना शिक्षण म्हणता येणार नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही मारहाण, अवाजवी काळ साखळीत ठेवणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हे गुन्हे ठरवले आहेत.

पेढीचा रोजमेळ रोजच्या रोज लिहिला तरच वर्षाचा ताळेबंद जुळतो. श्वानाचे शिक्षणही तसेच आहे. घरातील प्रत्येकाने रोजची पंधरा मिनिटे दिली, तर वर्षअखेर गॅलरीतील साखळीची गरज उरणार नाही. आणि पिल्लू घरी आणण्यापूर्वीच, पुढील दहा-बारा वर्षे ही पंधरा मिनिटे देता येतील का, हा हिशेब कुटुंबाने एकत्र बसून मांडावा. उत्तर ‘नाही’ आले, तर पिल्लू न आणणे हीसुद्धा जीवदयाच होय.