बर्फातली परसबाग : कोथिंबीर दोन पानांवर का अडकली?

घरातल्या मेथीचा लेख आज द्यायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. वूस्टरजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आलाय आणि तो सोडवल्याशिवाय मेथीला हात घालण्यात अर्थ नाही. त्यांनी काचपेटीत ऑक्टोबरच्या सुरुवातीला धणे रगडून पेरले. छान उगवले, लांबट जुळी दलं वर आली, त्यांच्यामधून एक कातरलेलं पान डोकावलं आणि तिथेच सगळं थांबलं. महिना उलटला तरी रोप तसूभर वाढलं नाही, मेलंही नाही. "पेटीत छोटा हीटर ठेवू का?" असं त्या विचारतात.

ताई, हीटर ठेवू नका. तुमच्या कोथिंबिरीला उजेड कमी पडतोय.

आपल्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये १० नोव्हेंबरच्या सुमारास दिवस दहा तासांहून लहान होतो आणि थेट जानेवारी संपेपर्यंत तसाच राहतो. सर्वांत लहान दिवस जेमतेम नऊ तास पाच मिनिटांचा. त्यातही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून चोवीस अंशांवरच असतो, म्हणजे किरण तिरपे येतात आणि तेवढाच उजेड जास्त जमिनीवर पसरतो. पुण्यात ऐन डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो आणि दुपारचा सूर्य याच्या दुप्पट उंचीवर. त्यामुळे तिकडे बागकाम शिकून आलेल्या आपल्यासारख्यांच्या डोक्यात उजेडाचा हिशेब कधी आलेलाच नसतो. भाजी खुरटली की आपण पाणी, खत आणि थंडी या तिघांवरच संशय घेतो.

दहा तासांचा हा आडाखा मला एलिअट कोलमन यांच्याकडून मिळाला. मेन राज्यात हार्बरसाइडला त्यांचं शेत आहे आणि न तापवलेल्या हरितगृहांतून ते ऐन हिवाळ्यात भाजी काढत आले आहेत. त्यांचं २००९ सालचं 'विंटर हार्वेस्ट हँडबुक' या लेखमालेच्या प्रत्येक वाचकाने मिळवून वाचावं, असं मी मनापासून सांगतो. दिवस दहा तासांच्या खाली गेला की बहुतेक पालेभाज्यांची वाढ जवळपास थांबते, हे त्यांनी फार स्पष्ट मांडलंय.

आता हीटर का नको, ते सांगतो. झाड दिवसा उजेडात साखर करतं आणि रात्रंदिवस श्वसनात ती खर्च करतं. ऊब वाढली की हा खर्च वाढतो. उजेड आहे तेवढाच राहिला, तर मिळकत न वाढता खर्च तेवढा वाढला, असं होतं. रोप फिकट, लांबुडकं होऊन माना टाकतं. पेटीत थंडी आहे म्हणूनच तुमची रोपं आहे त्या पुंजीवर तग धरून आहेत.

वाढ अडते ती थंडीने नाही, उजेडाअभावी, याचा ढळढळीत पुरावा लडाखमध्ये आहे. लेहची थंडी आपल्यापेक्षा कितीतरी कडक, रात्री पारा उणे पंधरा-वीसपर्यंत उतरतो. तरी तिथल्या घरांशेजारच्या हरितगृहांत हिवाळाभर पालक आणि इतर पालेभाज्या निघतात, तेही शेगडीशिवाय. तीन बाजूंना मातीच्या विटांच्या जाड भिंती आणि दक्षिणेकडे प्लास्टिकचा कागद. दिवसभर भिंती ऊन पितात, रात्री ती ऊब सोडतात. पण भिंती फक्त गारठा अडवतात, वाढ होते ती उन्हावर. लेह ३४ अंश अक्षांशावर आहे. तिथे दिवस दहा तासांच्या खाली जातो तो जेमतेम महिनाभर आणि तोही काही मिनिटांनीच. शिवाय आभाळ बहुतेक निरभ्र. तीच भिंत आपल्या परसात बांधली तर ऊब मिळेल, पण डिसेंबरची कोथिंबीर काही लेहच्या वेगाने वाढणार नाही.

तेव्हा ताई, रोपं आहेत तशीच राहू द्या. खत घालू नका. पाणीही माती बोटभर खोल कोरडी लागली तरच, नाहीतर मुळं कुजतील. ऊन पडलं की पेटीची काच चार बोटं उचलून ठेवा, कारण बाहेर शून्याखाली असलं तरी आत भट्टी होते. फेब्रुवारी लागला की हीच रोपं झपाट्याने उठतील. पुढच्या वर्षी मात्र पेरणी ऑगस्टच्या शेवटी करा, थोड्या सावलीत. नोव्हेंबर उजाडेपर्यंत जुडी बांधण्याजोगी कोथिंबीर तयार हवी. हिवाळ्यात ती वाढवायची नसते, पेटीत उभी ठेवून लागेल तशी खुडायची असते.

खुडण्याबद्दल एक गोष्ट राहिलीच. दहिवर पडलेल्या सकाळी पालकाची पानं जमिनीला चिकटून पडलेली दिसतात, गडद हिरवी, काचेसारखी. मेली असं वाटून लोक उपटून टाकतात. तेव्हा त्यांना बोटही लावू नका. पेशींच्या मधल्या फटींत बर्फ झालेला असतो, हात लागला की पेशी फुटतात आणि पान काळं पडतं. दुपारपर्यंत बर्फ सावकाश वितळला की पाणी पेशींत परत जातं आणि पान उभं राहतं. मग खुडा. गारठ्यात पालक पानांत साखर साठवतो, त्यामुळे रसाचा गोठणबिंदू खाली जातो. कच्चं पान चावून बघा, ती साखर जिभेला कळते.

मेथी पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर चार बोटं खोल ट्रे, खालून भोकं असलेला, आणि एलईडीची एक साधी पांढरी ट्यूब आणून ठेवा. ती ट्यूब कशासाठी, हे आता सांगायला नको.