प्रत्यारोपणानंतरची कृतज्ञता : एक अर्थविचार

कृतज्ञतेच्या मराठी शब्दांकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. ‘आभार’ या शब्दात भार आहे. ‘ऋणी असणे’, ‘उपकार फेडणे’, ‘उतराई होणे’ हे प्रयोग देवघेवीच्या व्यवहाराशी निगडित आहेत. दाता समोर आहे आणि घेतलेले केव्हातरी परत करता येईल, हे त्यांत गृहीत असते. दुसऱ्याचा अवयव लाभून जो बरा होतो, त्याच्या बाबतीत ही दोन्ही गृहीते टिकत नाहीत.

भारतात मूत्रपिंडाचा दाता बहुधा जिवंत नातलग असतो. पुष्कळदा आई किंवा पत्नी. आईचे आभार मानणे हे मराठी घरात परकेपणाचे लक्षण समजले जाते. दाता मृत असेल तर अडचण निराळी. १९९४ च्या कायद्यानुसार मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासून निश्चित करावयाचा असतो. त्यानंतर नातलगांच्या संमतीने मिळालेल्या अवयवाचे वाटप विभागीय केंद्रामार्फत होते; कोल्हापूर जिल्हा पुणे केंद्राच्या कक्षेत येतो. दात्याचे नाव मात्र गुप्त राखले जाते. तात्पर्य, एके ठिकाणी शब्द उच्चारणे अप्रशस्त, तर दुसऱ्या ठिकाणी तो ऐकणाराच नाही.

या मौनातून एक बोचरी भावना उद्भवते : ‘माझ्यासाठी कोणाचा तरी जीव गेला.’ येथे शब्दयोगी अव्ययाची निवड विचारात घेण्याजोगी आहे. ‘साठी’ हेतू दर्शविते, ‘मुळे’ कारण दर्शविते. दात्याचा मृत्यू अपघाताने वा रोगाने घडला. त्यात ग्रहीत्याचा हेतू नव्हता, की संबंधही नव्हता. हेतुपूर्वक झाला तो केवळ दानाचा निर्णय. ‘कोणाच्या तरी निर्णयामुळे मी जगलो’ हेच विधान वस्तुस्थितीस धरून आहे. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. पहिल्या वाक्यात अपराधाची छटा आहे, दुसऱ्यात ती नाही.

बरे होण्याची प्रक्रिया समजून घेण्यासही एक मराठी शब्द साह्य करतो. कसबा बावड्याच्या परिसरात, जेथे राजाराम साखर कारखाना आहे, ‘लागण’ म्हणजे उसाची लागवड. इतरत्र हाच शब्द प्रामुख्याने रोगाच्या संसर्गाला लावतात. प्रत्यारोपणात या दोन्ही अर्थांची गाठ पडते. परका अवयव शरीरात ‘लागावा’ म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दडपावी लागते. ती फार दडपली तर रोगाची लागण होते. १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडारोपण एकरूप जुळ्या भावांमधील असल्यामुळे ही अडचण आली नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केले, परंतु रुग्ण काही तासच जगला. पुढे १९८० नंतरच्या दशकात सायक्लोस्पोरिन प्रचारात आल्यावर अशा शस्त्रक्रियांच्या यशाचे प्रमाण वाढले. तरीही ठरल्या वेळी औषध घेणे हा नियम अवयव कार्यरत असेतोवर सुटत नाही.

मग हे ऋण फिटावे कसे? परंपरेतील ऋणत्रयाची कल्पना येथे उपयोगी पडते. पितृऋण पित्याला परत करावयाचे नसते. ते पुढील पिढीकडे पोहोचवून फेडावयाचे असते. ऋषिऋण अध्ययनाने फिटते. म्हणजे देणाऱ्याकडे न परतणारी, पुढे वाहणारी परतफेड आपल्या विचारसरणीस अपरिचित नाही. रोजची औषधे, नियमित तपासणी आणि स्वतःच्या मरणोत्तर दानाची नोंद यांना कृतज्ञतेची रूपे म्हणता येतील, ती याच अर्थाने. यासाठी मराठीत ‘जपणे’ हे क्रियापद आहे. त्यात नामाची आवृत्तीही आहे आणि काळजीपूर्वक सांभाळणेही आहे. अज्ञात दात्याच्या बाबतीत नाम ठाऊक नसते. सांभाळणे तेवढे उरते, आणि ते पुरेसे आहे.