लेसर लेव्हल चुकतेय का? अशी तपासा

चौसाळ्यात घराचा स्लॅब असो की धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या गोदामाची फरशी, लेसर लेव्हल चुकली तर पाणी नको तिथे साचते. त्यामुळे यंत्र पडले किंवा गाडीत आदळले की आधी तपासावे.

भिंतीपासून ३० मीटरवर तिपाई लावा. यंत्र स्थिरावले की भिंतीवर किरणाची खूण करा. तिपाई न हलवता यंत्र १८० अंश फिरवा आणि दुसरी खूण करा. फिरवल्यावर कल उलट होतो, म्हणून दोन खुणांत खऱ्या चुकीच्या दुप्पट अंतर दिसते. अंतर ६ मिलीमीटर असेल, तर चूक ३ मिलीमीटर. दुरुस्ती करताना किरण खुणांच्या मध्यावर आणा. यंत्र ९० अंश वळवून दुसरी दिशाही अशीच तपासा.