चांगले चेंडू किती आले?

बोईसरच्या मैदानावर निवड सामना असला की मी स्कोअररच्या टेबलापासून मुद्दाम लांब बसतो, बॅट्समनच्या पाठीमागे. फलक दिसला की नजर बिघडते. माझ्या वहीत दोनच रकाने असतात: चांगला चेंडू, आणि पोरानं त्याचं काय केलं.

गेल्या रविवारी 14 वर्षांखालच्या पोरांचा सामना होता. समोरचा संघ अगदीच कच्चा. दोन बॉलर बरे, बाकीचे फुलटॉस नाही तर पायावर. आमच्या डावखुऱ्या ओपनरनं 61 चेंडूंत 92 कुटल्या. चौकार गेला की कंपाउंडला टेकलेले पालक ओरडत होते. माझ्या वहीत मात्र 61 पैकी नऊच चेंडू चढले. तीन बॅटच्या मधोमध, एक सोडला, दोन हुकले, दोन पॅडवर, आणि एकाची कड लागून स्लिपमध्ये जीवदान.

बरं, वाईट चेंडूंचं तरी काय? एक फुलटॉस मिडविकेटला, तसाच दुसरा कव्हरवरून, तिसरा बॉलरच्या डोक्यावरून. लोकांना वाटतं, काय फटके आहेत पोराकडे! मी पाय बघत होतो. मॅटच्या पांढऱ्या कडेमुळे ते सोपं जातं. तिन्ही वेळा पुढचा पाय वेगळ्याच जागी पडला. दोन चौकार गेले की खालच्या हाताची पकड आवळायची आणि डोकं ऑफच्या बाहेर झुकायचं. कच्च्या बॉलिंगवर हे सगळं खपतं.

पाचव्या नंबरच्या पोरानं 23 केल्या. तो आला तेव्हा ते दोन बरे बॉलर परत आले होते. त्याच्या वाट्याला 11 चांगले चेंडू आले, त्यातले पाच त्यानं सोडले. एकदा साफ चकला, तेव्हा बाजूला जाऊन मॅटची सुरकुती सरळ केली, पुन्हा गार्ड घेतला.

कल्याणच्या प्रणव धनावडेनं जानेवारी 2016 मध्ये नाबाद 1009 केल्या, तेव्हा समोरचा संघ दोन डावांत 31 आणि 52 मध्ये आटोपला होता. म्हणून धनावडेची मेहनत कमी होत नाही. 327 चेंडू उभं राहायचं म्हणजे खायचं काम नाही. पण पुढच्या पायरीवर तो काय करेल, हे त्या आकड्यातून कुणालाच सांगता आलं नसतं. आपल्या पालघरच्या शार्दुल ठाकूरनं शाळेत असताना हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले. गाजले खूप. मुंबईच्या संघात त्याचं बस्तान बसलं ते बॉलिंगवर, 2014-15 च्या रणजी मोसमातल्या 48 बळींनंतर.

सामना संपल्यावर डावखुऱ्याचे वडील आले. ‘‘सर, ब्याण्णव कमी पडले का हो?’’

‘‘धावा भरपूर आहेत. मला चेंडू कमी पडले.’’

पोराला परत पॅड बांधायला लावले. 19 वर्षांखालच्या दोघांना बोलावून नवा चेंडू दिला. पहिले चार त्याला दिसलेच नाहीत. पाचवा बरगडीत बसला. वडील पुढे सरसावले, मी हातानं थांबवलं. सातव्यापासून त्यानं मारणं सोडलं, आणि पुढचा पाय हळूहळू एकाच जागी पडू लागला. 12 चेंडू झाले तेव्हा मी थांबायला सांगितलं, तर म्हणाला, ‘‘सर, अजून सहा.’’

वहीत त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि चेंडू परत बॉलरकडे फेकला.