कसाव्याच्या सावलीआधी

भिवंडीजवळच्या अंजूरमध्ये शेतीचा हिशेब आता पिकापासून सुरू होत नाही, मजुरापासून होतो. अंजूरफाटा, काल्हेर, मानकोली, जिकडे पाहावे तिकडे गोदामे. बुलेट ट्रेनचा ठाणे डेपोही भरोडी-अंजूरच्याच शिवारात होतो आहे. गोदामात माल चढवायला जाणारा माणूस बेणणीला, म्हणजे तण काढायला, कशाला येईल? भाताची आवणी कशीबशी उरकते, पण तणासाठी ओणवी बसणारी शेवटी घरातलीच बाई असते, तिची मजुरी कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. तेव्हा उरल्यासुरल्या पाच-दहा गुंठ्यांत साबुदाण्याचा कसावा आणि रताळी एकत्र लावावीत का, हा प्रश्न दिसायला उत्पन्नाचा असला तरी खरा बेणणीचा आहे. माझे उत्तर ‘लावावीत’ असे आहे. मात्र घरालगतच्या उंच, निचऱ्याच्या तुकड्यात. खाडीकडच्या खाजणात किंवा भाताच्या पाणथळ खाचरात हा खटाटोप करू नये. कसाव्याच्या मुळाशी पाणी तुंबले की कंद कुजतो, आणि कोकणातला जुलै कोणाची गय करत नाही.

या जोडीचे गणित तीन महिन्यांवर उभे आहे. कसाव्याची वीतभर कांडी तीन-तीन फुटांवर लावतात आणि पहिले तीन महिने ते झाड जवळजवळ काहीच जागा घेत नाही. मधली माती उघडी राहते. उघड्या मातीवर पावसाळ्यात काय उगवते हे ठाण्यातल्या कोणालाही सांगायला नको. रताळ्याचा वेल नेमकी हीच जागा पकडतो. महिना-दीड महिन्यात तो जमीन झाकतो, तणाला ऊन मिळू देत नाही, सरीच्या पावसात वरंब्याची माती धरून ठेवतो. सुरुवातीच्या एक-दोन खुरपण्या टळत नाहीत. पण पुढच्या टळतात आणि त्या कोणाच्या कमरेवरच्या टळतात, हे वर आलेच आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. तीन फुटांवर लावले तर कसाव्याची १२१ झाडे बसतात. झाडामागे दोन किलो कंद धरला तरी अडीच क्विंटलच्या आसपास माल होतो. मधल्या ओळींतली रताळी वेगळी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ ही जात साधारण साडेतीन महिन्यांत काढणीला येते. जूनअखेर लावलेला वेल ऑक्टोबरच्या मध्यावर निघतो, कार्तिकी एकादशीच्या उपवासाआधी. त्यानंतर शेत एकट्या कसाव्याचे. पाऊस संपला तरी तो तग धरतो, कोरड्या दिवसांत थोडी पाने टाकतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत जमिनीत उभा राहतो. त्यापुढे मात्र ठेवू नये. वळवाच्या आधी शेत मोकळे झालेच पाहिजे.

आता यावर पहिला आक्षेप जाणकारांचाच येईल. तिरुवनंतपुरमची केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था १९६३ पासून या पिकांवर काम करते, आणि कसाव्यात आंतरपीक म्हणून तिथे भर असतो तो भुईमूग, चवळी, घेवडा यांवर. कारण उघड आहे. शेंगवर्गी पीक जमिनीला नत्र देते. रताळे मात्र कसाव्याशीच पालाशासाठी भांडते. दोन्ही कंद, दोघांची भूक एकच. हे मला पूर्ण मान्य आहे. पण आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या संततधारेत शेंगांची माती होते. चवळी आणि वाल आपण भात निघाल्यावर घेतो, ते उगाच नव्हे. केरळचे वेळापत्रक उचलून भिवंडीत आणता येत नाही. पालाशाची तूट शेणखत आणि चुलीच्या राखेने थोडी भरते, पुरती भरत नाही. म्हणून त्याच जागी सलग दुसऱ्या वर्षी ही जोडी घेऊ नये. दुसरा आक्षेप सावलीचा. तीन महिन्यांनंतर कसावा फैलावतो आणि रताळे नेमके त्याच सुमारास पोसत असते, त्यामुळे एकट्या पिकाइतके ते येणार नाही. निम्मे आले तरी समाधान मानावे, ती निम्मी रताळी खुरपणीची मजुरी म्हणून धरावीत. तिसरा आक्षेप काढणीचा: रताळी खणताना कसाव्याची मुळे तुटतात. दोन्ही एकाच वरंब्यावर लावली तर तुटणारच. वरंबे वेगळे ठेवले आणि नांगराऐवजी हाताने, खुरप्याने माती उकरली तर नुकसान थोडे होते. पण हाताने उकरणे पाच-दहा गुंठ्यांपर्यंतच परवडते. मोठ्या शेताला हा सल्ला लागू नाही, तो याचसाठी.

विक्रीचा प्रश्न मला या सगळ्यांहून अवघड वाटतो. कसावा आपण वर्षभर खातो, पण साबुदाणा म्हणून, आणि तो येतो तमिळनाडूतल्या सेलमहून. कच्चा कंद ओळखणारे गिऱ्हाईक मराठी घरात क्वचितच सापडेल. गंमत अशी की उपवासाच्या ताटात येणारे कसावा आणि रताळे हे दोन्ही मूळचे अमेरिकेतले, आणि हिंदुस्थानात त्यांच्या येण्याचे श्रेय सहसा पोर्तुगिजांना दिले जाते. असो. उपटलेला कसावा दोन-तीन दिवसांत आतून काळा पडू लागतो, त्यामुळे तो साठवून भाव बघता येत नाही. उपाय एकच: गिऱ्हाईक ठरल्यावर झाड उपटायचे. कल्याण, डोंबिवली, ठाण्यात मल्याळी कुटुंबे भरपूर आहेत आणि त्यांना कप्प्याची, म्हणजे कसाव्याची, किंमत समजावून सांगावी लागत नाही. घरी खायचा असेल तर गोड जातच लावावी, साल काढून भरपूर पाण्यात उकडावा आणि ते पाणी ओतून द्यावे. कंदात आणि पाल्यात सायनाइड तयार करणारे घटक असतात. ओला पाला शेळ्यांपुढे तर टाकूच नये.

हे सगळे जमले तरी घोडे बेण्यापाशी अडू शकते. मार्चमध्ये तोडलेल्या कसाव्याच्या काठ्या जूनपर्यंत सावलीत उभ्या ठेवल्या की भागते. रताळ्याच्या वेलाचे तसे नाही. तो उन्हाळाभर जिवंत ठेवावा लागतो. एप्रिल-मेमध्ये घरामागच्या दोन वाफ्यांना दिवसाआड पाणी घालायला घरात कोणी आहे का, हे आधी विचारावे. नसेल तर जूनमध्ये बेणे विकत आणावे लागेल, आणि वाचवलेल्या खुरपणीतला मोठा वाटा तिथेच खर्ची पडेल.